आडे सरांचा चौथा रकाना

आडे सरांबद्दल लिहायचं तर आधी माझा त्यांच्यावरचा राग लिहावा लागेल, कारण तो अजून गेलेला नाही. माणूस चांगला होता म्हणून राग जातो असं थोडंच आहे? वाईट माणसावरचा राग दोन दिवसांत उतरतो, त्याच्याकडून वेगळी अपेक्षाच नसते. आणि हे पाहा, "होता" असं लिहून गेले मी. सर आहेत. बाभुळगावात, भाड्याच्या त्याच दोन खोल्यांत, खिडकीशी लावलेल्या खाटेवर आहेत. पण ज्या सरांबरोबर मी दहा-अकरा वर्षं नोकरी केली ते आता नाहीत, आणि मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दल.

बदली होऊन मी त्या शाळेत आले तेव्हा जून संपत आला होता. बाभुळगाव तालुक्यातलं लहानसं गाव, चारी बाजूंनी कपाशी आणि तूर, पाचवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, मला धरून चार मास्तर. शाळा उघडली की आमच्यामागे पहिलं काम लागतं ते वार्षिक नियोजनाचं. कोणत्या महिन्यात कोणता धडा, त्याला किती तासिका, शेवटी शेऱ्याचा रकाना. खरं सांगते, निम्मे मास्तर मागच्या वर्षीचंच उतरवून काढतात. मीही ऑफिसच्या खोलीत बसून तेच करत होते. समोर एक उंच, सडपातळ गृहस्थ पट्टी धरून रेघा मारत होते. अंगात पांढरा शर्ट, त्या उकाड्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेली. खिशाला दोन पेन. निळा शाळेच्या कामाचा, काळा स्वतःचा. शाळेच्या पेनानं त्यांनी स्वतःचं अक्षरही कधी लिहिलं नाही, हे मला पुढे कळलं.

"हे कोनत्या वर्गाचं हो सर?" मी विचारलं.

"हे माहं हाय," ते म्हणाले. "तुमच्यासाठी बी आखू का एक कागद?"

"कायले? सरकारचंच संपून नाई राह्यलं."

"सरकारचं पोरायसाठी हाय, बाई. तुमच्यासाठी कोन आखते?"

आणि मी नको म्हणत असताना त्यांनी आखलाच. चार रकाने होते. साल, काय करायचं, कोणासोबत, आणि राहून गेल्यास. चौथा रकाना बाकी तिन्ही मिळून होतील तेवढा रुंद. एखादी गोष्ट आयुष्यात राहूनच गेली तर जिवाला काय वाटेल, ते त्यात लिहायचं. तिथं काही लिहिता आलं नाही तर ती ओळच सर खोडून टाकत.

मी आपलं लिहिलं: यवतमाळला घर बांधणे, मुलाला सायन्सला घालणे, स्कूटी शिकणे. सरांनी चष्मा वर केला.

"घर राह्यलं तं?"

"भाड्यानं राहू."

"मंग जीव जाते का कोनाचा? हे कामं झाले. काम राह्यलं म्हून कोनी रडत नाई, बाई. रडाचं काय हाय थे लिवा."

असा संताप आला मला! ओळख ना पाळख, आणि हा उपटसुंभ माझ्या आयुष्यात पट्टी घेऊन शिरतोय. कागदाची घडी करून पर्समध्ये कोंबली नि विसरले. म्हणजे विसरायचं ठरवलं. संध्याकाळी भांडी घासताना तो रुंद रकाना डोळ्यांपुढून हलेना.

माझी थोरली बहीण मुकुटबनला असते. आई गेली तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. सहा वर्षं. भांडण कशावरून, तर शेवटच्या दिवशी कोणी कोणाला फोन करायला हवा होता आणि केला नाही यावरून. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी अगदी बरोबर होते. आठवड्याभरानं मधल्या सुट्टीत माझ्याच तोंडून निघून गेलं, "ताईकडं एकदा जायचं हाय, सर."

"एकदा म्हंजे कवा?"

"पाहू ना, सवड झाली की."

"आठवड्याचे वार सात. त्यात 'एकदा' नावाचा वार कोनता हाय?" आणि काळा पेन काढून त्यांनी माझ्या कागदावर लिहिलं, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार.

त्या सोमवारी सकाळी साडेसहाला त्यांचा फोन. "गाडीत बसल्या का?" मी अंथरुणात चहा पीत होते. "हो, बसून राह्यली ना," असं धडधडीत खोटं बोलले आणि मग त्या खोट्याच्या लाजेनं उठून खरोखरच गेले. यवतमाळ, वणी करत मुकुटबनला पोचायला दुपार झाली. ताईनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाय धू. पिठलं टाकते." सहा वर्षांचं भांडण तेवढ्यावर संपलं. मग स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून ती रडली आणि मी तिच्या पाठीकडे बघत रडले. आज आमचा दिवसातून दोनदा फोन असतो. माझी बहीण मला आडे सरांनी परत मिळवून दिली, हे मी कुठंही कबूल करीन. म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागतं.

या वेडातून त्यांनी कोणालाच सोडलं नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या. पन्नाशी उलटलेली, उभ्या जन्मात आगगाडीत बसल्या नव्हत्या. सरांनी विचारलं म्हणून हे बाहेर पडलं, नाहीतर कोण कशाला सांगतंय? एका रविवारी सर त्यांना नि त्यांच्या सुनेला घेऊन धामणगाव स्टेशनला गेले, पॅसेंजरनं वर्ध्याला नेलं, फलाटावर भजी खाऊ घातली आणि तसंच परत आणलं. सोमवारी मावशी खिचडी ढवळताना आपल्या आपण हसत होत्या. वरून शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही सरांनी सोडलं नव्हतं. साहेब मात्र घाईघाईनं चहा संपवून गेले.

मास्तर म्हणून तर विचारूच नका. त्यांच्या वर्गातून वाचता न येणारं पोरगं दुसरीत गेलं नाही. पुस्तकात पहिला शब्द काहीही असो, सरांच्या पोरांचा पहिला शब्द म्हणजे आपापल्या आईचं नाव. फळ्यावर सुनंदा, रुखमा, बेबी, शेवंता. पोरं घरी जाऊन खडूनं दारावर तेच गिरवत. एकदा एक बाई शेतातून तशीच शाळेत आली, कमरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली. म्हणाली, "गुरुजी, पोरगं दारावर कायतरी लिवून म्हनते का हे मी होय. खरंच होय का?" सर उठून उभे राहिले. "हो माय. तुमीच होय थ्या." त्या बाईनं पदर सावरला, जणू फोटो काढायला उभी आहे. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

आता यावरून कोणालाही वाटेल की सरांच्या घरात पुस्तकांचा पाऊस पडत असेल. मलाही वाटायचं. मग पहिल्याच वर्षी मार्चमध्ये शाळेत महिलांचा मेळावा झाला आणि सरांच्या घरून जमनाकाकू आल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या. हजेरीच्या कागदावर सगळ्या बाया सह्या करत होत्या. काकूंनी इकडंतिकडं पाहिलं, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर उठवला. मग पदराच्या आतल्या बाजूनं तो पुसत राहिल्या.

मी म्हणजे तोंडाची फटकळ. मेळावा संपल्या संपल्या सरांना गाठलं, काकूंच्या देखतच. "सर, गावातल्या बायांची नावं तुमी दारादारावर लिवून घेतली. घरच्या बाईचं काय?"

सर ओशाळले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी अभिमानानं पिशवीतून स्वतःची रकान्यांची वही काढली. "हे पाहा ना. नियोजनात हाय. रिटायर झालो का पयलं वर्ष पूर्न तिचं. रोज सकाळी दोन तास."

"आन् आता काहून नाई?"

"आता पोरायचे पेपर, शिष्यवृत्ती, इलेक्शनचं काम. दिवस जाऊन उरलासुरला येळ तिले देऊ का? तिले चांगला येळ द्याचा हाय, बाई."

खोटं बोलत नव्हते ते. बायकोवर माया होती त्यांची, ती त्या "चांगला येळ" म्हणण्यातही होती. दोघी मुली शिकून सासरी गेल्या. त्यांनी लहानपणी आईला पाटी-पेन्सिल घेऊन बसवलं तर सर म्हणायचे, "राहू द्या, थे माहं काम हाय." म्हणजे उरलेला वेळ द्यायचा नाही आणि दुसऱ्या कोणाला देऊ द्यायचा नाही.

काकू बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "हव ना. गुरुजी शिकवनार हायत." नवऱ्याला त्या गुरुजीच म्हणत.

"तोवर थकसान सर," मी म्हटलं.

त्यावर सर मोठ्यानं हसले. "मी? अवं, माह्यापाशी चार वर्षं जास्तीचे हायत!"

ही चार वर्षं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडच्या कोणत्याही जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे पोरांच्या नाव-जन्मतारखेची नोंदवही, काढा, निम्मं गाव एक जुलैला जन्मलेलं सापडेल. आईबापाला तारीख माहीत नसे. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत, चेहऱ्याकडे बघत आणि एक जुलै टाकून मोकळे होत. सर महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचे, बंजारा घरातले. बाप बैल घेऊन फिरायचा, पोराला शाळेत घालायला उशीर झाला. दहा वर्षांचा घोडा पहिलीत कसा बसवायचा म्हणून तिथल्या गुरुजींनी सहाचा लिहिला. त्यामुळे कागदावर सर चार वर्षांचे असताना दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या आपल्या याडीला, म्हणजे आईला, डोक्यावर घागर नेऊन देत होते. हा किस्सा ते फार रंगवून सांगत.

"एका रेघेत चार वर्षं देल्ले गुरुजीनं! नोकरी तेवढी जास्त. माहं समदं नियोजन त्याच्यावरच बसलं हाय."

आम्ही सगळे हसायचो. मीही. कोणाच्याच डोक्यात आलं नाही की नोकरी चार वर्षं वाढली, पण माणूस काही वाढला नाही. आम्हा मास्तर लोकांची ही खोडच आहे. रजिस्टरात लिहिलं ते खरं. स्वतः शेकडो पोरांना एक जुलै वाटणाऱ्या सरांनी स्वतःच्या एक जुलैवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं ना, तर त्याच माणसानं चष्मा वर करून विचारलं असतं, "मंग? राह्यलं तं?"

गेल्या डिसेंबरात, रिटायरमेंटला सहा-सात महिने उरले असताना, पहिलीच्या वर्गात ते फळ्यावर कोणाच्या तरी आईचं नाव लिहीत होते. खडू मध्येच थांबला. पुन्हा टेकवला तर रेघ तिरपी खाली घसरत गेली. पोरं खो खो हसली, कारण सर मुद्दाम चुकायचे आणि पोरांना ती चूक पकडायला लावायचे. पोरांनी पकडली, "सर, चुकलं, चुकलं!" असा गलका केला. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते. मग एकदम शांत झालं म्हणून धावले, तर सर भिंतीला टेकून खाली बसलेले आणि तोंड एका बाजूला ओढलेलं.

यवतमाळला दवाखान्यात नेलं. खिडकीवर कागद भरताना वय विचारलं. मी पटकन सांगितलं, "सत्तावन्न."

"एकसष्ट," मागून जमनाकाकू म्हणाल्या.

"मॅडम, एक काय ते सांगा ना," खिडकीतला माणूस वैतागला. "आधारवर तर सत्तावन्नच आहे."

मी काकूंचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "आधार झोपला हाय का तठी? मानूस झोपला हाय! एकसष्ट लिवा!"

सत्तावन्नच लिहिलं गेलं. मी तिथल्या बाकावर बसले आणि माझ्या डोक्यात एकच विचार फिरू लागला. तांड्यावरच्या त्या गुरुजींनी खरं वय लिहिलं असतं तर सर साडेतीन वर्षांपूर्वीच घरी बसले असते. साडेतीन वर्षांच्या सगळ्या सकाळी. मी स्वतःला म्हटलं, गप बस, हा काय आता विचार करायचा विषय आहे? पण तो काही थांबला नाही.

जीव वाचला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं, फक्त उत्तर देता येत नसे. आणि अक्षरं गेली. मी एकदा पेपर नेऊन समोर धरला, तर बराच वेळ बघत राहिले आणि मग डाव्या हातानं तो उलटा करून ठेवला. त्यानंतर मी काहीच वाचायला नेलं नाही.

संक्रांत झाल्यावर मी तिळगूळ द्यायला गेले. सर खाटेवर उशीला टेकून होते. चहा झाल्यावर काकूंनी पेटीतून वह्यांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "बाई, हे वाचून दावा. माह्यं काय लिवलं हाय थे मले आयकू द्या."

खाटेवरून सरांनी घशातून काहीतरी आवाज काढला आणि डावा हात जोरजोरात हलवला. नाही, नाही. मी थांबले.

"तुमी वाचा," काकू म्हणाल्या. त्यांनी सरांकडे बघितलंही नाही.

मी वाचत गेले. सालामागून साल, प्रत्येक सालात तीच ओळ होती. जमनास वाचायला शिकवणे. कोणासोबत, मी. राहून गेल्यास, लोक हसतील. पुढच्या वहीत, राहून गेल्यास, पोरी हसतील. त्याच्या पुढच्या वहीत, मला मास्तर म्हणवणार नाही. प्रत्येक ओळीच्या टोकाला काळ्या पेनाचा एक बाण, पुढच्या सालाकडे. शेवटच्या वहीत लिहिलं होतं, राहून गेल्यास, जमना मला माफ करील, मी करणार नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आन् माह्यं?"

"काकू, हे तुमचंच तर होय."

"हे त्यायचं हाय. मले वाचाले शिकवनं हे त्यायच्या मनातलं. माह्या मनातलं कुठी हाय? होळीचं? थे वाचा."

मी पुन्हा सगळ्या वह्या चाळल्या. होळीचं कुठं काही नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली. मग काकू आपल्या आपण सांगू लागल्या. त्यांचं माहेरही महागावकडचा तांडा. तांड्यावर होळी पहाटे पेटते आणि मग डफावर लेंगी चालते. लेंगी म्हणजे होळीचं गाणं. एक ओळ बायांनी उचलायची, तिचं उत्तर पुरुषांनी द्यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या दोन होळ्या सर, तेव्हाचे विशीतले, डफ घेऊन सासुरवाडीच्या गोलात काकूंच्या समोर उभे राहिले होते. "असा गळा होता बाई त्यायचा! आमच्या तांड्यावरच्या बाया म्हने, जमनी, तुहा नवरा मास्तर कायचा होते, थे तं गानारा हाय." मग नोकरी लागली. होळी येते मार्चात, मार्चात पोरांच्या परीक्षा. त्यात मास्तरानं तांड्यावर नाचावं हे सरांना बरंही वाटेना. काकूंनी आपली फेट्या-कांचळी, म्हणजे तांड्यावरची घागरा-चोळी, पेटीत घातली नि साडी धरली, कारण मास्तराच्या घरच्या बाईला ते शोभत नाही. "चाळीस वर्षं झाले. एक बार, फकस्त एक बार त्यायनं माह्यासमोर उभं राहून लेंगी म्हनावं, इतकंच होतं माह्यं."

"मग त्यायले कवा म्हटलं नाई का तुमी?"

"म्हनाचं कायले? थे तं समदं लिवतेत. रोज वही घेऊन बसे, मी भाकरी टाकता टाकता पाहो. मले वाटे, माह्यं बी लिवलंच असन." त्यांनी माझ्या हातातली वही मिटवली. "मले वाचता येत नाई ना, बाई."

सरांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मला रडू नाही आलं, मला राग आला. या माणसानं मला विचारलं, खिचडीच्या मावशींना विचारलं, तपासणीच्या साहेबाला विचारलं. घरात चाळीस वर्षं भाकरी टाकणाऱ्या बाईला एकदाही विचारलं नाही की तुझं काय राहिलं तर तुझा जीव तळमळेल. तिच्यासाठी काय चांगलं ते यांनी ठरवलं, वहीत लिहिलं आणि पुढे ढकललं. आणि मीसुद्धा! दहा वर्षं तिच्या हातचा चहा प्यायले, तिचा अंगठा बघून नवऱ्याला सुनावलं, शहाणी म्हणून मिरवले. तिला कुठं विचारलं मी?

"कॅलेंडर पाहा," काकू म्हणाल्या, "कवा हाय होळी यंदा."

सर मान हलवत राहिले, तो दिवस आणि पुढचे कित्येक दिवस. या अवस्थेत तांड्यावर, सासुरवाडीत, सगळ्यांसमोर जायचं नाही. मला त्यांचं पटत होतं. काकूंच्या भावानंही फोनवर सांगितलं, भाऊजींना कशाला दगदग. काकूंचं एकच उत्तर, "माह्यं हाय हे." डॉक्टरनं जाऊ शकता म्हटलं आणि मी एक गाडी ठरवली.

आदल्या दिवशी दुपारीच पोचलो. पहाटे होळी पेटली. उजाडता उजाडता डफ वाजायला लागले. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. पुरुषांच्या रांगेत मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत सर, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. घरातून काकू बाहेर आल्या आणि मी ओळखलंच नाही. लाल फेट्या, आरशांची कांचळी, डोक्यावर ओढणी. कोणाची तरी आजी होण्याच्या वयाची बाई, पण चाल अशी की वाट आपोआप मोकळी झाली. त्या सरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओळ उचलली.

त्यांची भाषा मला धड कळत नाही. शेजारच्या बाईनं कानात सांगितलं की बाई विचारते, इतके दिवस कुठं होतास, आणि माणूस म्हणतो, वाटेतच होतो. काकूंची ओळ संपली. आता उत्तर सरांचं. डफवाले हात आवरून थांबले. सरांनी तोंड उघडलं. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या, "आ... आ..." एवढाच आवाज आला आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली. एका तरण्या माणसाला राहवलं नाही. त्यानं सरांच्या वतीनं उत्तराची ओळ धरली. काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं.

मग सरांची ओळ त्यांनी स्वतःच म्हटली. त्यानंतर स्वतःची. मग पुन्हा त्यांची. सगळं गाणं त्यांनी असंच पूर्ण केलं, सरांच्या तोंडाकडे बघत, एक ओळ विचारायची, एक ओळ उत्तर द्यायची. डफ वाजवायची कोणाची हिंमत झाली नाही. सर रडत होते आणि त्यांचा अर्धाच चेहरा रडत होता, दुसरा अर्धा नुसता बघत होता. मी तिकडे पाठ केली. मला ते बघवेना.

जेवणं आटोपून परत निघालो. मागच्या सीटवर मधे सर, त्यांच्या उजवीकडे त्यांना सावरून काकू, डावीकडे मी. काकूंनी पुन्हा साडी नेसली होती. आर्णी मागं पडल्यावर मला गाडीतली शांतता सोसेना म्हणून मी आपलं म्हटलं, "काकू, पुढच्या होळीले बी येऊ आपन."

"नाई, बाई," काकू बाहेर बघत म्हणाल्या. "एक बारच पाह्यजे होतं." मग म्हणाल्या, "थे बी असं नोतं पाह्यजे."

सरांनी ऐकलं. त्यांना सगळं ऐकू येतं. त्यांचा डावा हात हळूहळू उचलला गेला. स्वतःच्या छातीवरून, स्वतःच्या मेलेल्या हातावरून आडवा जात तो काकूंच्या मांडीपर्यंत पोचला आणि काकूंच्या हातावर जाऊन पडला. काकूंनी आपला हात काढून घेतला नाही. धरलाही नाही. त्या खिडकीतून कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली रानं बघत राहिल्या, आणि यवतमाळ येईपर्यंत तो हात तिथंच पडून होता.